तीन खिडक्या आणि एक मूठ

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. पेटी म्हटले की तुम्ही लगेच माझे झाकण शोधाल आणि आत काय आहे ते बघायला जाल. कृपा करून तसे करू नका. माझ्यात काही ठेवता येत नाही. माझ्या तोंडावर एका ओळीत तीन खिडक्या आहेत. प्रत्येक खिडकीला वर सरकणारी एक छोटी फळी आहे. पोटात दोन दांड्यांवर गुंडाळलेले लांबलचक कापड आहे. उजव्या बाजूला एक मूठ होती. ती फिरवली की कापड पुढे सरकत असे आणि तिन्ही खिडक्यांमागे एकेक इंग्रजी शब्द येऊन उभा राहत असे. पहिल्या खिडकीत विशेषण, मधल्या खिडकीत त्याचेच क्रियापद आणि तिसऱ्या खिडकीत त्याचेच नाम.

मूठ ‘होती’ असे मी म्हणाले. आता ती नाही. ती कशी गेली हे सांगताना मी थोडी वैतागलेली दिसेन, त्याला माझा इलाज नाही. एरवी मी भिडस्त आहे. चार माणसांत आपण बोलावे की गप्प बसावे, बोललो तर चुकणार तर नाही, अशा शंका मला फार येतात. ही खोड मला सरांकडून लागली.

सर म्हणजे ज्यांनी मला घडवून घेतले ते. त्यांनी सगळी नोकरी छापखान्यात प्रुफे तपासण्यात घालवली. लाल पेन्सिलीने दुसऱ्यांच्या चुका काढता काढता त्यांना स्वतःचे प्रत्येक वाक्य चुकीचे वाटू लागले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजीचा वर्ग काढला. येणारी माणसे कामावरून सुटून येणारी होती. कुणी बस कंडक्टर, कुणी शिंपी, कुणी दुकानात माल देणारे. फळ्यावर लिहिले की सर लगेच पुसत, कारण लिहिल्याबरोबर त्यांना शंका येई. शेवटी काकू म्हणाल्या, “असं काहीतरी करा की ते तुम्हाला पुसताच येणार नाही.” काकू म्हणजे सरांची बायको. वर्गातले सगळे त्यांना काकू म्हणत.

काकूंचा भाऊ सुतार होता. एका मोडक्या कपाटाच्या दारातून त्याने माझे अंग कापले. तो मापे घ्यायला आला तेव्हाचे बोलणे मला आठवते, म्हणजे माझे अंग तेव्हा कपाटाच्या दारात होते, तिथून ऐकलेले.

“भाऊजी, खिडकी किती रुंद ठेवू?”

“रुंद हे विशेषण झालं. वाइड,” सर म्हणाले. “तुला विचारायचीय ती रुंदी. विड्थ. ते नाम. आणि तू करवतीनं जे करशील ते वाइडन. रुंद करणं. तेच क्रियापद.”

“बरं. पण किती इंच?”

सरांना इंच ठरवायला आठवडा लागला.

कापड जुन्या खिडकीच्या पडद्याचे होते. काकूंनी त्याला इस्त्री करून दिली आणि सरांनी पक्क्या शाईने त्यावर शब्द लिहिले. एकेक शब्द ते कोशात बघत, मग दुसऱ्या कोशात बघत, मग डोळे मिटून बसत. माझ्या पोटातली एक ओळ लिहायला त्यांना जेवढा वेळ लागे तेवढ्या वेळात काकूंचा सगळा स्वयंपाक होई. पण लिहिले ते पुसता येईना. तेवढे एक बरे झाले.

सरांचे सांगणे सोपे होते. विशेषण सांगते, वस्तू कशी आहे. क्रियापद सांगते, तिला तसे कसे करतात. नाम म्हणजे त्या कसेपणाला दिलेले नाव. शार्प म्हणजे धारदार. शार्पन म्हणजे धार लावणे. शार्पनेस म्हणजे ती धार. एक ओळ समजली की माणूस एका शब्दाचे तीन शब्द घेऊन घरी जाई. अडचण पुढे होती. सगळे शब्द एका वळणाचे नव्हते. कुणाला मागे शेपूट लागे, शॉर्टचे शॉर्टन होई. कुणाला पुढे डोके लागे, रिचचे एनरिच होई. प्युअरचे प्युरिफाय होई. क्लीनचे काहीच होत नसे. ते विशेषण म्हणून यायचे आणि त्याच कपड्यांत क्रियापद म्हणून उभे राहायचे. आणि काही ओळींत तर मधली खिडकी उघडली की मागे कोरे कापड दिसे.

पहिल्यांदा कोरे कापड दिसले ते टॉल या शब्दाला. वर्गात गडबड उडाली.

“सर, शाई उडाली का?” कंडक्टर म्हणाला. तो वर्गातला सर्वांत बोलका. बसमध्ये दिवसभर ओरडून त्याचा आवाज घोगरा झाला होता, पण बोलणे थांबत नसे.

“नाही. टॉलला क्रियापद नाही.”

“का नाही? शॉर्टला आहे, वाइडला आहे, मग उंचानं काय घोडं मारलंय?”

सर गडबडले. “बघून सांगतो,” म्हणाले.

आतून काकूंचा आवाज आला. “माणसाला उंच करता येत नाही म्हणून नसेल.”

“आणि आखूड करता येतं?”

“पँट येते,” शिंपी शांतपणे म्हणाला. तो एरवी आठवड्यातून एखादे वाक्य बोलत असे.

असे माझे दिवस चालले होते. मी खोटे सांगत नाही, लोक माझे कौतुकही करत. रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेतले एक मास्तर मला बघायला आले. त्यांनी माझ्या फळ्या वरखाली करून पाहिल्या आणि म्हणाले, “किती साधी गोष्ट आहे.” सर दोन दिवस विचार करत राहिले की हे कौतुक होते की टोमणा. काकू म्हणाल्या, “कौतुक होतं. आता जेवा.”

आता मुठीविषयी सांगते.

सुरुवातीला मूठ सर स्वतःच फिरवत. मग त्यांचा खांदा धरला. एकदा कंडक्टर लागोपाठ दोन पाळ्या करून वर्गात आला आणि बाकावर बसल्या बसल्या पेंगू लागला. सरांना त्याची दया आली. ते म्हणाले, “आज तुम्ही मूठ धरा. उभं राहिलात तर झोप येणार नाही. आणि मूठ धरणाऱ्याला आज प्रश्न नाही.”

तेव्हापासून तो रिवाजच पडला. जो जास्त दमून येईल त्याने माझ्या उजव्या बाजूला उभे राहायचे, कापड सरकवायचे, पहिल्या खिडकीची फळी उचलायची आणि इतरांनी उत्तर दिले की बाकीच्या दोन. त्याला कुणी काही विचारायचे नाही. रिवाज चांगला होता. दमलेल्या माणसाला थोडी सूट. मलाही निरनिराळ्या हातांची सवय झाली. शिंप्याचा हात मऊ होता. कंडक्टर घंटी वाजवावी तशी मूठ झटक्याने ओढायचा आणि कापड दोन ओळी पुढे जायचे.

मग वहिनी आल्या.

वहिनी म्हणजे कंडक्टरच्या मित्राची बायको. कंडक्टर त्यांना वहिनी म्हणे, म्हणून वर्ग त्यांना वहिनी म्हणू लागला आणि सरही. जवळच्या मोठ्या इस्पितळात त्या फरशी पुसण्याचे काम करत. फरशी पुसता पुसता त्यांनी वॉर्डाचे सगळे काम बघितले होते. आजाऱ्याला कुशीवर कसे वळवतात, चालवताना कुठे धरतात, माणसाला न उठवता चादर कशी बदलतात. त्यांना वॉर्डात मदतनीस व्हायचे होते. फरशीवरून पलंगापर्यंत जायचे, एवढेच. पण त्या जागेसाठी मुलाखत होती आणि ती इंग्रजीत होती, कारण तिथे डॉक्टर आणि आजारी दोघेही कुठून कुठून आलेले असत. वहिनी दोनदा मुलाखतीला गेल्या होत्या. पहिल्यांदा खुर्चीत बसून काही न बोलता परत आल्या. दुसऱ्यांदा दारातूनच वळल्या. आता एकदाच बोलावणार होते. त्यानंतर त्यांचे वय त्या जागेला चालणार नव्हते. मग निवृत्तीपर्यंत फरशीच.

हे सगळे कंडक्टरने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकले. वहिनी खाली बघत राहिल्या. सरांना त्यांच्याकडे बघवेना. त्या दिवशी वहिनींचे काम लांबले होते, पाय सुजलेले दिसत होते. सर म्हणाले, “वहिनी, आज तुम्ही मूठ धरा.”

दुसऱ्या दिवशी त्या आपणहून माझ्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. “मी फिरवते की, सर. तुम्ही शिकवा.” तिसऱ्या दिवशी कुणी विचारलेही नाही. ती त्यांची जागाच झाली.

आणि त्या मूठ फिरवत होत्या सुंदर. ओळ बरोबर खिडकीच्या मधोमध येई. फळी उचलताना आवाज येत नसे. रोज येताना त्या कोरडे फडके आणत आणि माझ्या खिडक्यांच्या कडा पुसत. सर म्हणत, “वहिनींच्या हातात पेटी असली की कसं नीटनेटकं वाटतं.” सगळे माना हलवत. मीही सुखावत होते, हे मान्य करते. कुणाच्या हातात असे लाड झाले नव्हते माझे.

पण मित्रांनो, हात खोटे बोलत नाही. वहिनींचा हात माझ्या मुठीवर असे आणि सर पहिल्या खिडकीतला शब्द वाचत. “स्ट्राँग. वहिनींनी झाकलेलं काय असेल? शिंपी, तुम्ही सांगा.” शिंपी विचार करत बसे. तोवर वहिनींच्या ओठांत उत्तर आलेले असे. स्ट्रेंग्थन. स्ट्रेंग्थ. आवाज नाही, नुसते ओठ. ते फक्त मला कळे, कारण त्याच क्षणी त्यांची बोटे मुठीवर हलकी होत. जवळजवळ सगळ्या ओळी त्यांना येत होत्या. वर्गात कुणालाच ठाऊक नव्हते, आणि ज्या एकटीला ठाऊक होते ती मी, लाकडाची.

तुम्हीच सांगा, मी काय करायचे? मी कुरकुरले. खरोखर कुरकुरले. मूठ फिरताना माझ्या दांडीतून आवाज येऊ लागला. वहिनींनी दुसऱ्या दिवशी घरून तेल आणून दांडीला घातले. मग मला आवाजही काढता येईना.

काकूंना मात्र आतल्या खोलीतून सगळे दिसत होते. एके दिवशी वर्ग सुटल्यावर त्या सरांना म्हणाल्या, “तिला विचारत का नाही कधी?”

“दमून येते ती.”

“मीही दमते. मला विचारता की, चहा झाला का म्हणून.”

सरांनी चष्मा पुसायला घेतला. “विचारलं आणि आलं नाही, तर सगळ्यांसमोर तिला कसं वाटेल?”

“आणि तिथं त्या साहेबांसमोर आलं नाही, तर छान वाटेल? ती लपतेय हो तुमच्या त्या पेटीमागं. आणि तुम्ही तिला लपवताय.”

“उद्या विचारतो,” सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, हे खरे. “वहिनी, शॉर्ट?” वहिनींचा चेहरा पांढरा पडला. मुठीवरची बोटे आवळली गेली. सर थांबले, पण किती थांबले? तुम्ही पायातली चप्पलही काढून ठेवणार नाही तेवढ्यात त्यांचा धीर सुटला. “असू दे, असू दे. शिंपी सांगतील.” शिंप्याकडे वळले. आणि मान वळल्याबरोबर वहिनींची बोटे हलकी झाली. उत्तर आले होते. दोन श्वास उशिरा.

या ‘असू दे’ने मला वेड लागायची पाळी आली. सर चांगले होते. फार चांगले होते. समोरचे माणूस गप्प झाले की त्यांच्याच छातीत धडधडे, आणि ते लगेच त्या माणसाला सोडवून टाकत. आपण सोडवतो म्हणजे काय करतो, हे त्यांच्या लक्षात येत नव्हते. एवढा शिकलेला माणूस, पण दोन श्वास थांबणे त्याला जमत नव्हते.

मग वहिनींना बोलावणे आले. पुढच्याच आठवड्यात मुलाखत. कंडक्टरने सांगितले आणि सगळ्यांनी त्यांना शुभेच्छा दिल्या. वहिनी म्हणाल्या, “बघू. जमलं तर जाते.” आणि माझ्या खिडकीची कड पुसू लागल्या.

जमलं तर जाते. म्हणजे दारातून वळणार. ते मला कळले, आणि आत काकूंच्या हातातले भांडे थांबले, म्हणजे काकूंनाही कळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर झोपले होते. काकू भावाने विसरलेला पेचकस घेऊन आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “आवाज करू नकोस,” मला म्हणाल्या. घरात पेटीशी बोलणारी ती पहिलीच व्यक्ती. मग त्यांनी पेच फिरवून माझी मूठ काढली. मला दुखले, असे म्हणणार नाही. पण रागाने माझ्या फळ्या खडखडल्या. मूठ त्यांनी पदराखाली धरली आणि स्वयंपाकघरात नेऊन कुठल्यातरी डब्यात टाकली.

संध्याकाळी वहिनी आल्या. सवयीने माझ्या उजव्या बाजूला गेल्या आणि हात पुढे केला. हात हवेतच राहिला.

“सर, मूठ?”

सरांनी माझ्याखाली पाहिले, माझ्यामागे पाहिले, टेबलाखाली वाकून पाहिले. “काल तर होती,” ते म्हणाले. “मीच कुठे ठेवली का?” त्यांना खरोखरच वाटू लागले की आपणच ठेवली.

“मूठ गेली म्हणजे आज सगळ्यांना प्रश्न,” कंडक्टर खूश होऊन म्हणाला. मग त्याची नजर वहिनींकडे गेली आणि तो गप्प झाला.

“मी बोटानं फिरवते, सर. दांडीचं टोक दिसतंय.”

“नको,” काकू दारात येऊन म्हणाल्या. “बोट अडकेल. बस तू तिकडे.”

वहिनी बाकाच्या कडेला बसल्या. मांडीवर त्यांचा उजवा हात होता आणि तो हात आपोआप हळूहळू गोल फिरत होता.

माझे कापड आदल्या दिवशीच्या ओळीवर थांबलेले होते. वीक, वीकन, वीकनेस. कमजोर, कमजोर करणे, कमजोरी. पुढे सरकवता येत नव्हते, म्हणून सरांनी तीच ओळ सगळ्यांना दिली. प्रत्येकाने तिन्ही शब्द आपल्या कामात वापरून दाखवायचे. कंडक्टरने बसच्या ब्रेकवर काहीतरी सांगितले, त्यावर सगळे हसले. शिंपी धाग्याविषयी बोलला. मग वहिनींचा क्रमांक आला. सरांनी इकडेतिकडे पाहिले. दुसरे कुणी उरले नव्हते.

“वहिनी?”

वहिनी गप्प. मांडीवरचा हात थांबला.

सरांचे तोंड उघडले. ‘असू’ एवढे बाहेर आलेही. तेवढ्यात काकू चहाचे तबक घेऊन थेट दोघांच्या मध्ये आल्या. कप सरांच्या हातात दिला. “प्या,” म्हणाल्या.

“अगं, वर्ग चाललाय.”

“गरम आहे. सावकाश प्या. संपेपर्यंत बोलू नका, ठसका लागतो तुम्हाला.”

सर चहा प्यायले. कंडक्टरने वहिनींना मदत करायला तोंड उघडले, तर काकूंनी त्याच्याकडे असे पाहिले की त्यानेही कप उचलला. खोलीत फुरक्यांशिवाय आवाज नव्हता. मी तिन्ही खिडक्या उघड्या टाकून बसले होते आणि मला वाटत होते, आता काही झाले नाही तर ही बाई उठून घरी जाईल आणि परत येणार नाही. सरांच्या कपाळावर घाम होता. चहा अर्धा झाला. मग तळाला आला.

“पेशंट इज वीक,” वहिनी जमिनीकडे बघत म्हणाल्या.

कंडक्टरने कप खाली ठेवला.

“फीव्हर वीकन पेशंट. लेग वीकन.” थांबल्या. “वीकनेस गो स्लोली. आय होल्ड हँड. शी वॉक टू बाथरूम. आय… आय वॉक विथ शी.”

मी सरांचा उजवा हात बघत होते. त्या वाक्यांत किती लाल खुणा करता आल्या असत्या, हे त्या हाताला ठाऊक होते. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होती, जणू पेन्सिल धरली आहे. आयुष्यभर त्या माणसाने एक चूक जाऊ दिली नव्हती. त्यांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

“हं,” मग म्हणाले. “मग? ती चालली का?”

“चालली,” वहिनी म्हणाल्या, आणि मग मराठीतच त्यांचा बांध फुटला. “एक म्हातारी होती सर. सिस्टर दुसरीकडे गेलेली. मी फरशीचं पोतेरं टाकून तिला धरून नेलं. मला ओरडा बसला त्याचा, हे तुझं काम नाही म्हणून. मला येतं हो ते सगळं. शब्दही येतात. या पेटीतले सगळे येतात. पण विचारलं की जातात. आणि तुम्ही दुसऱ्याकडे वळलात की परत येतात. मग काय उपयोग?”

सरांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा मी पूर्वी तसा पाहिला नव्हता. ते म्हणाले, “मग मी वळणार नाही.”

मुलाखतीपर्यंत रोज असेच चालले. ओळ तीच, कारण मूठ नव्हती. बाकीचे शब्द सर तोंडी विचारत आणि थांबत. पहिले दोन दिवस चहाचा आधार लागला, मग तोही लागेना. वहिनी कधी लगेच बोलत, कधी एवढा वेळ घेत की शिंपी खिशातले धागे निवडून घेई. कंडक्टर म्हणाला, “एवढ्या वेळात माझी बस डेपोत पोचते.” वहिनी म्हणाल्या, “तुमची बस मध्ये कुठं थांबत नाही, म्हणून.” वहिनींनी कुणाला टोमणा मारलेला वर्गाने पहिल्यांदाच ऐकला.

मुलाखतीच्या संध्याकाळी वहिनी उशिरा आल्या. सर दोनदा जिना उतरून रस्ता बघून आले होते. वहिनी बाकावर बसल्या. कुणी विचारायचे धाडस केले नाही. शेवटी काकू म्हणाल्या, “दारातून वळलीस का?”

“नाही. बसले खुर्चीत. तिघं होते. मोठ्या बाई मधे. त्यांनी विचारलं, पेशंट पडला तर काय करशील. आणि गेलं. सगळं गेलं. माझ्यासमोर नुसता टेबलाचा कोपरा दिसत होता. मग त्या बाई शेजारच्यांकडे वळायला लागल्या.”

सरांनी डोळे मिटून घेतले.

“मग मी म्हणाले, वेट.”

“काय म्हणालात?” कंडक्टर म्हणाला.

“वेट. वेट, प्लीज. इट इज कमिंग.”

“मोठ्या बाईंना थांब म्हणालात?”

“प्लीज म्हटलं की,” वहिनी म्हणाल्या. “त्या थांबल्या. पेन खाली ठेवलं त्यांनी. मग आलं. जसं येतं तसं सांगितलं. चुकलं असेल खूप. मधे मी उठून दाखवलंही, कुठं धरतात ते.”

“आणि?”

“सोमवारपासून वॉर्डात.” हे त्यांनी इतक्या हळू सांगितले की शिंप्याला दुसऱ्याला विचारावे लागले.

मित्रांनो, इथे माझी गोष्ट गोड संपायला हवी होती. वहिनी फरशीवरून पलंगाशी गेल्या. त्या अजून अधूनमधून येतात, वॉर्डाच्या कपड्यांत, आणि मला पुसतात. आता ओल्या फडक्याने पुसतात, इस्पितळातली सवय. लाकडाला ओले फडके लावू नये, हे त्यांना कोण सांगणार?

पण माझे काय झाले? काकूंना मूठ परत लावायची होती. त्यांनी डबे उघडले, पिंप उपसले, माळ्यावर शोधले. कुठल्या डब्यात टाकली हेच त्या विसरल्या. त्यांच्या भावाचे हात आता थरथरतात, तो नवी मूठ करून देतो म्हणतो आणि दर वेळी माप विसरतो. सर रोज म्हणतात, उद्या काहीतरी करू. सरांचा उद्या तुम्हाला एव्हाना कळला असेल. वर्गात नवी माणसे येतात, सर त्यांना तोंडीच विचारतात आणि समोर हात बांधून थांबतात. मला खिडकीपाशी सरकवले आहे. ऊन लागून माझ्या उघड्या ओळीतली शाई फिकी झाली आहे, आणि आतल्या सगळ्या चांगल्या ओळी, ज्यांच्यासाठी त्या माणसाने दोन दोन कोश चाळले, त्या अंधारात गुंडाळून पडल्या आहेत. शार्प, रिच, प्युअर, सगळ्या. येणारा जाणारा म्हणतो, “अरे वा, जुनी वस्तू,” आणि घराच्या किल्ल्या माझ्यावर ठेवतो.

मला याचा राग येतो आणि राग येतो याची लाजही वाटते. मूठ असती तर वहिनी आजही माझ्या बाजूला उभ्या असत्या, रोज माझ्या कडा पुसत, आणि मी सुखात असते. हे मला समजते. म्हणून मी काकूंना दोष देत नाही. फार देत नाही.

तुम्हाला मात्र विनवते. माझ्यासारख्या वस्तू घरात असतील तर त्यांना कोरड्या फडक्याने पुसा, दांड्यांना थेंबभर तेल घाला, उन्हातून उचलून ठेवा. काढलेला भाग कुठे ठेवला ते लक्षात ठेवा. ही झाली वस्तूंची काळजी, आणि ती तुम्ही कराल असे मला फारसे वाटत नाही. पण एवढे तरी करा. कुणाला काही विचारलेत आणि ते माणूस गप्प बसले, तर चांगुलपणाने ‘असू दे’ म्हणून त्याच्यावरून पुढे जाऊ नका. त्याला एखादी मूठ देऊन कोपऱ्यात उभेही करू नका. त्याच्यासमोर बसा आणि थांबा. तुम्हाला अवघडल्यासारखे होईल. होऊ द्या.

माझे सांगून झाले. आता कुणीतरी कृपा करून त्या किल्ल्या माझ्या डोक्यावरून उचला.